सही करायच्या आधी पगाराच्या पावत्या बाहेर काढ

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी 24 वर्षांचा, मूळचा लातूर जिल्ह्यातला. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ठेकेदारामार्फत 14 महिने पॉवर प्रेसवर होतो. पगार 16,500 रुपये. ऑगस्ट 2025 मध्ये रात्रपाळीत हात प्रेसखाली सापडला. उजव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. हात आत असला की प्रेस थांबवणारा सेन्सर महिनाभर बंद होता, मला ते माहीत होतं, तरी हात घातला. चूक माझीच. ठेकेदाराने खासगी दवाखान्यात नेलं, बिल कंपनीने भरलं. दवाखान्याच्या कागदावर मात्र 'मोटारसायकलच्या चेनमध्ये बोटं सापडली' असं लिहिलंय. ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, कार्ड अपघातानंतर दोन दिवसांनी हातात आलं. सात आठवडे घरी बसलो, पगार नाही. आता ठेकेदार सव्वा लाख देतो म्हणतोय. येत्या मंगळवारी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही करायची आहे. मला इथे दाजींनी लावलं, ते त्याच लाइनचे सुपरवायझर आहेत. केस केली तर त्यांची नोकरी जाईल आणि बहिणीच्या घरात माझ्यामुळे कलह होईल. घरचे म्हणतात, कंपनीने एवढं केलं, आता पैसे घे आणि मोकळा हो. ताई, सही करू का?

तू ताई म्हणालास, म्हणून मीही तुला तूच म्हणते.

वहीच्या पानांचे फोटो तू पाठवलेस, ते मी तीनदा वाचले. बोटं गेल्याचं तू एका ओळीत उरकलंस आणि 'चूक माझीच' हे चार वेळा लिहिलंस. शर्टाची बटणं लावताना आई पुढे येते तेव्हा लाज वाटते, हेही लिहिलंस. म्हणून आधी उत्तर देते आणि मग कारणं. मंगळवारी सही करू नकोस.

पहिल्यांदा त्या चुकीबद्दल बोलू. तुझ्याच पत्रात आहे की सेन्सर चालू असताना शिफ्टला हजार-बाराशे नग निघायचे आणि टार्गेट सतराशेचं होतं. नग डायमध्ये, म्हणजे साच्यात, चिकटला की तो काढायला चिमटा नव्हता, बोटांनीच काढायचा. रात्री तीनच्या सुमाराला, सलग दुसऱ्या रात्रपाळीत, तुझा हात आत असताना प्रेस खाली आला. आता मला सांग, सेन्सर तू बंद केलास का? चिमटा तू नाकारलास का? सतराशेचा आकडा तू ठरवलास का? तुला माहीत होतं, हे खरं. पण ते त्या लाइनवर सगळ्यांनाच माहीत होतं, आणि ज्याला प्रेस थांबवायचा अधिकार होता त्यालाही माहीत होतं.

आणि समजा, तुझीही थोडी चूक होती. तरी कायदा इथे तो प्रश्न विचारत नाही. कर्मचारी भरपाई कायदा 1923 चा आहे, म्हणजे शंभर वर्षांहून जुना. कामावर असताना, कामामुळे इजा झाली की भरपाई देणं मालकावर बंधनकारक, हा त्याचा पाया. मालकाला सुटायला वाटा फार थोड्या आहेत: कामगार नशेत होता, त्याने सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर याही वाटा बंद होतात. ईएसआयचा कायदा आणखी पुढे जातो. कामगाराने नियम मोडून काही केलं, पण ते मालकाच्याच कामासाठी केलं, तर तो अपघात कामावरचाच धरला जातो. चिकटलेला नग तू स्वतःसाठी काढत नव्हतास.

आता ते कार्ड. अपघातानंतर दोन दिवसांनी मिळालं म्हणून ते आपल्या उपयोगाचं नाही, असं तू धरून चाललास. जूनच्या पगारपावतीचा फोटो तू पाठवला आहेस, तो पुन्हा बघ. कपातीच्या रकान्यात 'ईएसआय 124' असं छापलंय. 16,500 चे पाऊण टक्का होतात 123 रुपये 75 पैसे, म्हणून 124. कामगाराचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के, हा दर जुलै 2019 पासून आहे. म्हणजे कार्ड हातात नसतानाही तुझ्या पगारातून विम्याचे पैसे कापले जात होते. ते भरले असतील तर तुझा विमा उतरलेला आहे. कापून भरले नसतील तर तो फौजदारी गुन्हा आहे, आणि तरीही तुझा हक्क बुडत नाही. ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. कामावरच्या अपघाताला 'इतके महिने वर्गणी भरलेली हवी' अशी अटसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी हात गेला तरी लाभ मिळतो.

अपघातानंतर घाईघाईने कार्ड काढणं ही तुझ्या एकट्याची गोष्ट नाही. वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेने आपल्या अहवालांत हे वारंवार नोंदवलंय. मीही चाकण-भोसरीच्या कितीतरी मुलांच्या हातात अशी नवीकोरी कार्डं पाहिली आहेत, बँडेजच्या हातात धरलेली. त्यामुळे एक गोष्ट आजच तपास. विमा क्रमांक दहा आकडी असतो. तो घालून ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर तुझी माहिती उघड आणि नोकरी लागल्याची तारीख कोणती टाकली आहे ते बघ. ती अपघाताच्या दिवशीची किंवा त्यानंतरची असेल तर घाबरू नकोस. 14 महिन्यांच्या पगाराच्या नोंदी तुझ्या बँकेच्या पासबुकात आहेत, त्या कुणाला बदलता येणार नाहीत.

मग मिळणार काय? इथे जरा आकडेमोड करू, कारण सव्वा लाख ही रक्कम मोठी वाटते ती दुसरा आकडाच समोर नसल्यामुळे.

तुझा रोज साधारण 550 रुपये पडतो. जखमेमुळे कामावर जाता आलं नाही त्या काळात ईएसआयकडून सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात, म्हणजे दिवसाला 495. सात आठवड्यांचे 49 दिवस धरले तर 24,000 च्या वर रक्कम होते. ती तुझी हक्काची होती आणि अजूनही आहे. त्यानंतर कायमच्या अपंगत्वाचा लाभ. कायद्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला तर कमाईची क्षमता किती टक्के घटली, याचा तक्ता आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के. 495 चे 20 टक्के म्हणजे दिवसाला 99, महिन्याला तीन हजारांच्या आसपास. आणि हे एकदा देऊन संपत नाही, तू हयात असेपर्यंत दर महिन्याला मिळतं. तू 24 वर्षांचा आहेस. साठीपर्यंतच धरलं तरी बारा लाखांच्या वर जातं. टक्केवारी शेवटी ईएसआयचं वैद्यकीय मंडळ ठरवतं, त्यामुळे माझा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. मंडळाचा निर्णय कमी वाटला तर त्यावर दाद मागता येते, थेट कामगार विमा न्यायालयापर्यंत.

सव्वा लाखाला या आकड्याशेजारी ठेवून बघ.

तू पाठवलेल्या स्टॅम्पपेपरच्या मसुद्यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या नजरेतून सुटली असावी. पहिल्या परिच्छेदात 'अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला'. दुसऱ्यात 'यापुढे माझी कसलीही तक्रार राहणार नाही'. आणि तिसऱ्यात, अगदी खाली, 'मी स्वखुशीने कामाचा राजीनामा देत आहे'. तुला तोंडी हलकं काम देण्याचा शब्द दिलाय आणि कागदावर राजीनामा घेतायत. भरपाईचा हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्याने रद्दबातल असतो, हे तुझ्या बाजूचं आहे. भरपाईबाबतची तडजोड कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते, ती काही ठेकेदाराच्या ऑफिसात पक्की होत नाही. पण रद्दबातल कागदसुद्धा समोरचा वकील कोर्टात काढतो, आणि तो खोडून काढण्यात तारखांमागून तारखा जातात. राजीनामा तर खोडायला आणखी अवघड. म्हणून कागद निरुपयोगी असला तरी सही करायची नाही.

घरच्यांचं 'कंपनीने एवढं केलं' हे मला कळतं. अपघाताच्या रात्री जो माणूस गाडी काढतो त्याच्याबद्दल मनात कृतज्ञता राहतेच, ती राहू दे. पण बिल भरणं हा उपकार नव्हता. ईएसआय असलेल्या कामगारावर कामगार विमा रुग्णालयात फुकट उपचार होतात. चिंचवडला मोहननगरमध्ये असं रुग्णालय आहे. आणि ईएसआय नसेल तर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा, असं भरपाईच्या कायद्यात 2009 पासून लिहिलेलं आहे. तुला तिथे न नेता खासगीत का नेलं, ते मी सांगू शकत नाही. पण त्या दवाखान्याच्या कागदावर मोटारसायकलची चेन कुठून आली, हा प्रश्न घरच्यांना जरूर विचार. तू तर भुलीत होतास. डॉक्टरांना माहिती ठेकेदाराच्या माणसाने दिली.

तो कागद तुझ्या प्रकरणातली खरी अडचण आहे, त्यामुळे त्यावर थोडं थांबते. एक अर्ज लिही आणि दवाखान्याकडून संपूर्ण केसपेपरच्या प्रती माग: दाखल करतानाची नोंद, ऑपरेशनची नोंद, नर्सच्या नोंदी, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड. रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत बंधनकारक आहे. ऑपरेशनच्या नोंदीत जखमेचं वर्णन असतं, आणि प्रेसने चिरडलेली बोटं चेनने कापलेल्या बोटांसारखी दिसत नाहीत. मग त्या रात्रीचा पुरावा गोळा कर. पंचिंगची नोंद, गेटवरची नोंद, तुझ्या फोनमधले त्या रात्रीचे मेसेज. तुझ्या शेजारच्या प्रेसवरच्या मुलाने रक्ताने माखलेल्या डायचा फोटो ग्रुपवर टाकला होता म्हणतोस, तो आजच स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घे आणि कुणाला तरी पाठवून ठेव. रात्रपाळीला असलेला आणि तू मोटारसायकलवर नव्हतास हे माहीत असलेला एक माणूस जरी बोलायला तयार झाला तरी पुरे.

आता दाजी. तुझा खरा प्रश्न तोच आहे, बाकी सगळं त्याच्या आड उभं आहे.

'केस' हा एकच शब्द तू तीन वेगवेगळ्या वाटांसाठी वापरतोयस. ईएसआयचा दावा ही पहिली वाट. त्यात कुणाविरुद्ध तक्रार नाही. तू विमा मागतोयस, महामंडळ देतं. सेन्सर कुणी बंद केला हे तिथे सिद्ध करावं लागत नाही, दाजींचं नाव घ्यावं लागत नाही. कामगार न्यायालयातला भरपाईचा दावा ही दुसरी; तिथेही कुणाची चूक दाखवायची नसते, फक्त अपघात कामावर झाला एवढंच. तिसरी वाट औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे ज्यांना आपण फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतो त्यांच्याकडे, किंवा पोलिसांकडे जाते. तिथे मात्र चूक कुणाची हाच प्रश्न असतो. कारखान्यांच्या कायद्यात जबाबदारी मालक आणि व्यवस्थापकावर आहे, सुपरवायझरवर नाही. पण पोलिसांत गुन्हा नोंदला की कागदावर सुपरवायझरचं नाव येतं, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि तुझ्यापासून ते लपवणं बरोबर नाही.

म्हणजे तुझ्या पोटाचा हक्क आणि दाजींची नोकरी यांत एक काहीतरी निवडायचंय, असं तुला वाटतंय तसं नाही. पहिली वाट धरलीस तर दाजींच्या अंगाला काही लागत नाही. 'तुझ्या दाजींचं बघावं लागेल' असं तुला ज्याने सांगितलं त्याला हे पक्कं माहीत आहे. तुझ्या भिडेवर त्याचा भाव ठरलाय.

तरी दाजींशी तू स्वतः बोल, ठेकेदाराकडून त्यांच्या कानावर जाण्याआधी. बहिणीला शेजारी बसव. त्यांना सांग की मी तुमच्यावर काही लिहून देणार नाही, मी विमा मागतोय. सेन्सर बंद ठेवायला त्यांना वरून सांगितलं गेलं असेल तर तो मेसेज त्यांनी जपून ठेवावा. उद्या खरंच काही झालं तर त्यांचा बचाव तोच आहे. आणि त्यांना एवढंच विचार, आता तो सेन्सर चालू आहे का? तुझ्या जागी त्या प्रेसवर आज दुसरा मुलगा उभा आहे. कदाचित बिहारचा, कदाचित आपल्याच निलंग्या-औशाकडचा. हे काम दाजी आतून करू शकतात. नाही झालं तर तिसऱ्या वाटेचा विचार तुम्ही दोघांनी मिळून करा. मी तुझ्यावर ते आज लादणार नाही.

नोकरीचं विचारलंस. जखमेच्या उपचाराचा आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सुरू असेपर्यंत कामावरून काढता येत नाही, एवढं ईएसआयचा कायदा सांगतो. त्यापुढे ठेक्यावरच्या मुलाची नोकरी टिकेलच, असं खोटं आश्वासन मी देणार नाही. म्हणूनच आयुष्यभराची ती दरमहाची रक्कम सोडू नकोस.

पुढची कृती सांगते. ईएसआयच्या शाखा कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज लिही: विमा क्रमांक, अपघाताची तारीख, वेळ, मशीन, ठेकेदाराचं आणि कंपनीचं नाव, साक्षीदार. मालकाने अपघाताचा अहवाल, ज्याला फॉर्म 12 म्हणतात, पाठवला आहे का आणि नसेल तर तो मागवावा, असं त्यात लिही. रजिस्टर पोस्टाने पाठव, पोचपावती जप, एक प्रत ठेकेदाराला आणि एक कंपनीलाही पाठव. ठेकेदाराने हात वर केले तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ कंपनीवरच असते.

ज्यांना ईएसआय लागूच नाही, म्हणजे पगार 21,000 च्या वर आहे किंवा कामाची जागा त्यात बसत नाही, त्यांच्यासाठी वर सांगितलेला भरपाईचा कायदा आहे. दोन्हीकडून मात्र मिळत नाही. ईएसआय असेल तर तेच. त्या कायद्यात पगार कितीही असला तरी हिशोबाला महिना 15,000 पर्यंतच धरतात. त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक. 24 व्या वर्षी तो 218.47 आहे. येतात 19,66,230 आणि दोन बोटांसाठी त्याचे 20 टक्के, 3,93,246 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर 12 टक्के व्याज, शिवाय दंड. तक्त्यातली टक्केवारी ही शेवटची मर्यादाही नाही. एक हात गमावलेल्या सुताराला सुतारकाम करताच येणार नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात मान्य केलं, त्याला पन्नास वर्षं झाली. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा असतो, आणि तो अपघात झाला तिथेच नाही, तर तुम्ही राहता त्या भागातही करता येतो. गावी परत गेलेल्या मुलांना हे माहीतच नसतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. तुझा अपघात त्याआधीचा, त्यामुळे तुझा हक्क जुन्या कायद्याने मोजला जाईल. त्यानंतर जखमी झालेल्यांनी अर्ज नव्या संहितेखाली करावा.

वकिलाच्या खर्चाची चिंता करू नकोस. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यातच आहे. पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा 15100 वर फोन लाव. 'मिळतील त्यातले तीस टक्के माझे' म्हणणारे दवाखान्याच्या दारात भेटतील. वकिलांना टक्केवारीवर केस घ्यायला त्यांच्याच बार कौन्सिलची मनाई आहे. अशा कुणालाही मूळ कागद देऊ नकोस.

मंगळवारी जा. न गेलास तर ते घरी येतील आणि तिथे आई आहे. दाजींना सोबत नेऊ नकोस, गावचा एखादा मित्र ने. तिथे भांडायचं नाही, कायदा सांगायचा नाही. एवढंच म्हण, 'कागद वाचायला घरी नेतो, झेरॉक्स द्या.' ते म्हणतील आज नाही तर पैसे नाहीत. म्हणू देत. रिकाम्या कागदावर, व्हाउचरवर, 'फक्त पोच म्हणून' कशावरही सही करू नकोस, अंगठाही नाही. आणि निघण्याआधी 14 महिन्यांच्या पगारपावत्या आईकडच्या ट्रंकेत ठेवून जा, खिशात नेऊ नकोस.